सामू, अल्कता आणि खोलीतील हवा : अंबरनाथ-बदलापूर परिसरातील सागरी मत्स्यालयाचे रसायन

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून बदलापूरचे स्थानक लोहमार्गाने सुमारे ६८ किलोमीटरवर आहे. उल्हासनगर व अंबरनाथ ही त्याच्या अलीकडची. भरतीचे पाणी कल्याणच्या आसपासपर्यंत चढते. त्यापुढे उल्हास ही गोड्या पाण्याचीच नदी होय. मत्स्यालय म्हटले की आपल्याकडील वाचकास मरीन ड्राइव्हवर १९५१ साली उघडलेले तारापोरवाला मत्स्यालय आठवते. परंतु त्याच्या दारापुढे रस्ता होता आणि रस्त्यापलीकडे समुद्र. बदलापुरात किंवा अंबरनाथमध्ये ज्याला घरी वा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत सागरी जीव पाळावयाचे असतील त्याला समुद्र दारी मिळत नाही. तो घडवावा लागतो आणि घडविल्यानंतर दररोज टिकवावा लागतो.

अशी टाकी सांभाळणाऱ्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो : पाण्याचा सामू, म्हणजेच पीएच, ७.८ भरतो; समुद्राचा तर ८.१ ते ८.२ असतो, तेव्हा काय घालावे? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे आहे. मात्र आरंभीच हे सांगितले पाहिजे, की प्रश्न ज्या रीतीने विचारला जातो ती रीतच फसवी आहे. सामू हा परिणाम आहे, कारण नव्हे. कारणे दोन आहेत. त्यांपैकी एक पाण्यात असते आणि दुसरे बहुधा खोलीच्या हवेत.

सामू ही कल्पना कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतील सोरेन्सन या रसायनज्ञाने १९०९ मध्ये मांडली. पाण्यातील हायड्रोजन आयनांचे प्रमाण फार लहान आकड्यांत येते, म्हणून त्याने लघुगणकाची मोजपट्टी घेतली. या मोजपट्टीचा एक गुण म्हणजे आकडे सुटसुटीत होतात, आणि एक दोष म्हणजे फरक क्षुल्लक वाटू लागतात. ८.१ वरून ७.८ वर येणे म्हणजे केवळ तीन दशांशांची घट दिसते. प्रत्यक्षात हायड्रोजन आयनांचे प्रमाण दुप्पट झालेले असते. सागरी प्राण्यास हा फरक जाणवतो यात नवल नाही.

समुद्राच्या पाण्यात विरघळलेला कार्बन तीन रूपांत असतो. सुमारे नऊ दशांश भाग बायकार्बोनेटचा, जवळजवळ एक दशांश कार्बोनेटचा, आणि जेमतेम शंभरात एक भाग विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइड वायूचा. ही तिन्ही रूपे एकमेकांत बदलत असतात. बाहेरून अम्ल आले, की कार्बोनेट व बायकार्बोनेट ते पचवितात आणि सामू फारसा ढळत नाही. पाण्याच्या या अम्ल पचविण्याच्या शक्तीस अल्कता म्हणतात. (बोलण्यात आपण ‘बोअरच्या पाण्यात क्षार आहेत’ असे म्हणतो, तेव्हा एकूण विरघळलेल्या पदार्थांविषयी बोलत असतो; अल्कता ही त्याहून निराळी गोष्ट आहे.) समुद्राची अल्कता, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात सांगावयाची तर, लिटरला सुमारे ११५ ते १२० मिलिग्रॅम असते. बाजारातील तपासणीच्या संचांत ती ‘जर्मन अंशां’त देतात, समुद्राचे असे अंश साडेसहा-सातच्या आसपास येतात.

आता दोन्ही कारणे एकत्र आणू. अल्कता तीच ठेवून पाण्यातील कार्बन डायऑक्साइड वाढविला तर सामू उतरतो. कार्बन डायऑक्साइड तोच ठेवून अल्कता वाढविली तर सामू चढतो. सामूचा एकटा आकडा वाचून या दोहोंपैकी काय बिघडले हे कळत नाही. ताप किती आहे हे पाहून रोग ठरविता येत नाही, तसेच हे आहे.

पाण्याच्या मुळापासून आरंभ करू. या तिन्ही गावांचे पाणी शेवटी सह्याद्रीवर पडणाऱ्या पावसाचेच. बदलापूर व अंबरनाथ यांना महाराष्ट्र जीवन प्राधिकरण बदलापूरच्या बंधाऱ्यावरून उल्हास नदीचे पाणी देते. उल्हासनगरला बारवी धरणावर आधारलेल्या औद्योगिक विकास महामंडळाच्या योजनेतून पाणी मिळते. पावसाच्या थेंबात अल्कता जवळजवळ नसतेच. ती त्यास मिळते ती कातळाकडून. कार्बन डायऑक्साइड घेऊन आलेले पाणी काळ्या बेसॉल्टवर मुरते, खडकातील खनिजे हळूहळू झिजविते, आणि कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, सिलिका व बायकार्बोनेट सोबत घेऊन पुढे जाते. अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२ मध्ये, म्हणजे इ. स. १०६० साली, ज्या काळ्या पाषाणात उभे राहिले तोच हा खडक. पृथ्वीवरील सर्व नद्यांनी आपापल्या खडकांतून असेच जे वाहून नेले त्यावर समुद्राची अल्कता उभी आहे, आणि प्रवाळ आपले घर त्याच भांडवलातून बांधते.

धरणात साठलेले पावसाळी पाणी मृदू व अल्प अल्कतेचे असते; कूपनलिकेचे पाणी खडकात अधिक काळ राहिल्याने कठीण, बायकार्बोनेटयुक्त आणि सिलिकायुक्त असते. दोन्ही जसेच्या तसे सागरी टाकीस चालत नाहीत. जुलै-ऑगस्टमध्ये नदी गढूळ झाली, की शुद्धीकरण केंद्रात तुरटीची मात्रा वाढवावी लागते, आणि तुरटीचा प्रत्येक मिलिग्रॅम सुमारे अर्धा मिलिग्रॅम अल्कता खाऊन टाकतो. शिवाय क्लोरीन असतेच. सबब नळाचे पाणी ऋतूगणिक बदलते, आणि ज्या पायावर सगळा हिशेब रचावयाचा तो पायाच हलता राहतो. यास्तव उलट परासरणाच्या, म्हणजे ज्याला घरोघर ‘आरओ’ म्हणतात त्या यंत्रातून काढलेले पाणी वापरणे इष्ट. येथे एक सावधगिरी हवी. पिण्याच्या अनेक यंत्रांत शेवटी खनिजे पुन्हा मिसळणारी नळी बसविलेली असते. टाकीसाठी पाणी तिच्या अलीकडून घ्यावे. पितळी तोट्याही टाळाव्यात, कारण तांबे अपृष्ठवंशी सागरी प्राण्यांना अत्यल्प मात्रेतही घातक असते.

कोऱ्या पाण्यात समुद्र मिसळावयाचा तो कसा? कल्याणच्या खाडीवरून पिंपे भरून आणण्याचा मोह होणे शक्य आहे. परंतु खाडीची लवणता भरती-ओहोटीबरोबर आणि ऋतूबरोबर बदलते, पावसाळ्यात ती जवळजवळ गोडी होते, आणि वालधुनी व उल्हास या दोन्ही नद्या वाटेत वस्तीचे व कारखान्यांचे जे काही घेऊन येतात तेही तीत असते. दुसरा मोह खडेमिठाचा. वसई-भाईंदरकडील मिठागरे पाहिलेल्या माणसास वाटते, की मीठ समुद्रातूनच आले; ते पुन्हा पाण्यात विरघळविले म्हणजे समुद्र झाला. तसे होत नाही. उसिग्लिओ या संशोधकाने १८४९ साली भूमध्य समुद्राचे पाणी आटवून दाखविले, की पाणी निम्म्यावर येते तेव्हा प्रथम कॅल्शियम कार्बोनेट खाली बसते. एक पंचमांशावर आल्यावर जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट. आणि जेमतेम एक दशांश उरल्यावर साधे मीठ. मॅग्नेशियमची लवणे शेवटपर्यंत कडू पाण्यात राहतात, आणि मिठागरात ते पाणी वेगळे काढले जाते. म्हणजे मिठागरातील कामगार जे काळजीपूर्वक बाजूला सारतो नेमके तेच टाकीला हवे असते. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे १२९० मिलिग्रॅम मॅग्नेशियम आणि ४१० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. खडेमिठाच्या पाण्यात यांचा केवळ मागमूस. तेव्हा सर्व घटक योग्य प्रमाणात मिसळून विकले जाणारे सागरी लवणमिश्रणच घ्यावे, आणि २५ अंश सेल्सिअसला विशिष्ट गुरुत्व सुमारे १.०२६ येईतो ते विरघळवावे.

मॅग्नेशियमचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. समुद्राचे उथळ, उष्ण पाणी कॅल्शियम कार्बोनेटने संपृक्त असते एवढेच नव्हे. ॲरागोनाइट या त्याच्या स्फटिकरूपाच्या दृष्टीने ते तिप्पट-चौपट अतिसंपृक्त असते. तरीही त्यातून चुना आपोआप खाली बसत नाही, याचे एक कारण असे, की वाढू पाहणाऱ्या स्फटिकावर मॅग्नेशियम चिकटून त्याची वाढ रोखते. मॅग्नेशियम कमी पडले, की टाकीतील कॅल्शियम व अल्कता ही दोन्ही टिकविणे कठीण होऊन बसते.

पाणी सिद्ध झाले. आता त्यातून खर्च काय होतो ते पाहू. प्रवाळ, शंख-शिंपले आणि गुलाबी कवचासारखे वाढणारे चुनेदार शैवाल हे सर्व पाण्यातील कॅल्शियम व बायकार्बोनेट घेऊन चुन्याचे सांगाडे रचतात. ही देवघेव ठराविक प्रमाणात होते : अल्कता लिटरमागे ५० मिलिग्रॅमने उतरली तर कॅल्शियम २० मिलिग्रॅमने उतरते. हे प्रमाण लक्षात घेतल्यावर एक विलक्षण गोष्ट दिसते. भांडवलाच्या मानाने कॅल्शियमचा खर्च किरकोळ असतो, अल्कतेचा मात्र मोठा. वरील उदाहरणात ४१० पैकी केवळ २० मिलिग्रॅम कॅल्शियम गेले, परंतु १२० पैकी ५० मिलिग्रॅम अल्कता गेली. म्हणून टाकीचे आरोग्य प्रथम अल्कतेवरून पाहावे. माशांच्या अन्नातून निर्माण होणारा अमोनिया जीवाणू नायट्रेटात बदलतात तेव्हाही अल्कता खर्ची पडते. सागरी टाकीत हा भाग सहसा लहान असतो.

अल्कतेचा आणि चुन्याच्या रचनेचा संबंध मोठ्या प्रमाणावरही तपासला गेला आहे. अमेरिकेत ॲरिझोनाच्या वाळवंटातील बायोस्फिअर-२ या काचगृहात एक कृत्रिम समुद्र आहे. तेथे १९९० नंतरच्या दशकात लँग्डन व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाण्याची संपृक्तता बदलून प्रवाळ-समूहाची वाढ मोजली. संपृक्तता उतरली तशी चुना रचण्याची गती उतरली, असे त्यांना आढळले. हवेतील वाढत्या कार्बन डायऑक्साइडमुळे आज जगभरच्या समुद्राचा पृष्ठभाग औद्योगिक युगापूर्वीच्या मानाने सुमारे एक दशांश सामूने उतरला आहे. आपल्या मालवणजवळ सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवती जी प्रवाळे आहेत त्यांनाही हाच हिशेब लागू आहे. बंद खोलीतील टाकीत हा बदल शंभर वर्षे घेत नाही; एका रात्रीत होतो.

येथे कायद्याविषयी दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली भित्ती रचणारी सर्व प्रवाळे, काळी प्रवाळे आणि समुद्रपंखे यांचा समावेश झाला. मालवणहून वा अन्य किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ किंवा त्याचा तुकडा आणणे हा गुन्हा आहे, आणि तो तसा असावा हेच योग्य. प्रवाळाखेरीज केवळ मासे, शैवाल आणि चुनेदार शैवाल असलेल्या टाकीसही पुढील सर्व हिशेब तंतोतंत लागू पडतो. किंबहुना ज्याला हा हिशेब वर्षभर सांभाळता आला नाही त्याने प्रवाळाचा विचार न करणेच बरे.

मूळ प्रश्नाकडे वळू. अल्कता मोजली, ती १२० भरली, तरीही सामू ७.८. याचा अर्थ कार्बन डायऑक्साइड अधिक आहे. तो येतो कोठून? रात्री टाकीतील शैवाल प्रकाशाअभावी वायू घेण्याऐवजी सोडते, म्हणून पहाटेचा सामू नेहमीच संध्याकाळच्या सामूपेक्षा कमी असतो; ७.८ आणि ८.४ यांच्या दरम्यानचा असा दैनिक झोका स्वाभाविक मानावा. परंतु दिवसाही आकडा वर येत नसेल तर खोलीची हवा तपासावी. बाहेरील हवेत आज कार्बन डायऑक्साइड दशलक्ष भागांत सव्वाचारशेच्या आसपास असतो. दोन खोल्यांच्या सदनिकेत चार-पाच माणसे, दारे-खिडक्या बंद, स्वयंपाकघरात गॅसची शेगडी पेटलेली, अशा वेळी तो हजाराच्या वर सहज जातो. वायूचे प्रमाण दुप्पट झाले, की अल्कता तीच असतानाही टाकीचा सामू पाव अंकाहून किंचित अधिक उतरतो. सारे कोडे एवढ्यातच आहे.

याची पडताळणी पैशाशिवाय करता येते. टाकीतील पेलाभर पाणी घेऊन त्याचा सामू मोजावा. मग मत्स्यालयाच्या लहान हवापंपाने त्यात खिडकीबाहेर वा गच्चीवर तासभर हवा सोडावी आणि पुन्हा मोजावे. दुसऱ्या पेल्यात हेच खोलीच्या आत करावे. गच्चीवरील पेल्याचा सामू चढला आणि खोलीतील पेल्याचा चढला नाही, तर दोष खोलीच्या हवेचा. दोन्ही चढले तर टाकीत हवा नीट खेळत नाही. एकही चढला नाही तर अल्कता पुन्हा मोजावी. रासायनिक कारखान्यांच्या शेजारी राहणाऱ्यास खिडकी उघडा असे सांगताना संकोच वाटतो हे खरे. तेथे बाहेरची हवा कोळशाच्या गाळणीतून घ्यावी, किंवा सोडालाइमच्या नळीतून हवा ओढून तिच्यातील कार्बन डायऑक्साइड काढून टाकावा.

याउलट सर्वत्र केला जाणारा उपाय म्हणजे सोडा. खाण्याचा सोडा हा बायकार्बोनेटच. तो घातल्याने अल्कता वाढते, पण सामू तत्काळ वाढत नाही, उलट किंचित उतरतो. मग धुण्याचा सोडा, म्हणजे कार्बोनेट, घातला जातो. त्याने सामू झटकन चढतो, आणि खोलीतील वायू पाण्यात उतरताच पुन्हा खाली येतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा मात्रा. सामू जागेवरच राहतो, अल्कता मात्र १२० ची २०० होते, आणि एके दिवशी सगळे पाणी दुधाळ होते : कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा साका पंपावर आणि काचेवर बसतो, कॅल्शियम कोसळते, आणि जे जीव कमी सामूत सुखाने जगले असते ते या उपचाराने मरतात. ७.८ या सामूत ठेवलेली टाकी जगते. अल्कतेचे असे हेलकावे खाणारी टाकी क्वचितच.

खर्च भरून काढण्याचा जो उपाय आम्हांस सर्वांत सरळ वाटतो तो आपल्याकडे नव्याने शिकवावयास नको. तो म्हणजे चुन्याची निवळी. (पानाचा बाजारी चुना मात्र वापरू नये; शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड घ्यावे.) लिटरभर पाण्यात सुमारे दीड ग्रॅम चुना विरघळतो, उरलेला तळाशी बसू देऊन वरची निवळी वापरावयाची. अशा एका लिटर निवळीत सुमारे २००० मिलिग्रॅम अल्कता आणि ८०० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. म्हणजे ५० ला २० हेच प्रमाण. समजा, २०० लिटरच्या टाकीत अल्कता रोज लिटरमागे १० मिलिग्रॅमने उतरते. तर एकूण तूट २००० मिलिग्रॅम झाली, आणि एक लिटर निवळी ती तूट कॅल्शियमसह नेमकी भरून काढते. शिवाय निवळीतील चुना पाण्यातील कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो, त्यामुळे सामूही वर राहतो. निवळीचा स्वतःचा सामू १२ च्या वर असतो, म्हणून ती थेंबथेंब, शक्यतो रात्री, सोडावी, हातही जपावेत. उघड्या भांड्यात ठेवल्यास हवेतील वायूने तिच्यावर पांढरी साय धरते, हा शाळेतील प्रयोग सर्वांना ठाऊक आहे; तेवढा चुना वाया गेला असे समजावे.

निवळी ही बाष्पीभवनाने उडालेल्या पाण्याच्या जागी देतात. यामुळेच या परिसरात एक अडचण उद्भवते, जी परदेशी पुस्तकांत सापडत नाही. एप्रिल-मे महिन्यांत पंख्याखाली टाकीचे पाणी भराभर उडते आणि हवी तितकी निवळी देता येते. जूनच्या मध्यास पाऊस लागला, की हवा दमट होऊन बाष्पीभवन मंदावते. निवळीला जागाच उरत नाही. त्याच वेळी पावसाची झड येते म्हणून खिडक्या बंद होतात आणि खोलीतील वायू वाढतो. त्याच वेळी नळाचे पाणीही बदललेले असते. वादळवाऱ्यात वीज गेली तर पंप थांबतो, पृष्ठभाग निश्चल होतो, आणि वायू बाहेर पडण्याची वाटच बंद होते. चार निरनिराळी कारणे, आणि सर्व एकाच पंधरवड्यात. पावसाळ्यातील पडता सामू हा एखाद्या गूढ रोगाचा नव्हे, तर या चौघांच्या बेरजेचा परिणाम होय.

तेव्हा जूनपूर्वीच तयारी करावी. निवळीने न भरणारी तूट कॅल्शियम क्लोराइड व खाण्याचा सोडा यांच्या दोन स्वतंत्र द्रावणांनी, टाकीच्या दोन वेगळ्या जागी, मोजून भरावी. १०० लिटर पाण्याची अल्कता लिटरमागे ५० मिलिग्रॅमने वाढविण्यास ८.४ ग्रॅम खाण्याचा सोडा लागतो. मात्र एका दिवसात याच्या पाव हिश्श्याहून अधिक देऊ नये. विजेसाठी बॅटरीवर चालणारा हवापंप जवळ असावा. मासे प्रथम गुदमरतात ते प्राणवायूच्या अभावी. सामूची चिंता त्यानंतरची.

मोजमापाविषयी प्रयोगशाळेतील वाचकांसाठी एवढेच. १०० मिलिलिटर नमुना घेऊन ०.०२ नॉर्मल सल्फ्युरिक अम्लाने, मिथिल ऑरेंज दर्शक वापरून अनुमापन करावे. लागलेल्या अम्लाच्या प्रत्येक मिलिलिटरमागे लिटरला १० मिलिग्रॅम अल्कता धरावी. समुद्राच्या पाण्यास सुमारे बारा मिलिलिटर अम्ल लागेल. सामूमापक ७ आणि ९.१८ या दोन प्रमाण द्रावणांवर जुळवून घ्यावा. केवळ ७ वर जुळविलेल्या यंत्राचा ८ चा आकडा विश्वासार्ह नसतो. नोंदवहीत सामूच्या पुढे वेळ लिहावी, आणि त्या वेळी खिडकी उघडी होती की बंद, तेही लिहावे.